आंदण दिलेले ग्रह

विज्ञानकथा वाचणाऱ्याला कधी ना कधी एक प्रश्न पडतोच, आणि तो रास्त आहे. माणूस ताऱ्यांपर्यंत पोचला, अणू फोडून त्याने शहरे उजळली, यंत्रे विचार करू लागली, तरी कथेत राजे का? राजकन्येची सोयरीक, आंदणात दिलेला ग्रह, वारसाचा तंटा, मुहूर्ताच्या आदल्या रात्री झालेला विषप्रयोग, हे सगळे बखरीतले सामान. ते उचलून अंतराळात नेऊन ठेवणे हा लेखकाचा आळस असतो, की त्यामागे काही खरे कारण असते?

कारण खरे आहे, असे माझे मत आहे. ते समजून घ्यायला फार लांब जावे लागत नाही. पश्चिम रेल्वेने विरारच्या पुढे निघावे. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर अशी स्टेशने येत जातात आणि डाव्या हाताला, समुद्राच्या अंगाला, केळवे-माहीम, शिरगाव, तारापूर, डहाणू असे किल्ल्यांचे टप्पे लागत जातात. हा सगळा पट्टा वसईच्या हुकमतीखाली पोर्तुगीजांचा ‘उत्तर प्रांत’ होता. एका राजविवाहाने या पट्ट्याच्या दाराशी नवा शेजारी आणून बसवला आणि पुढच्या दीडशे वर्षांचे राजकारण त्या शेजारातून उगवले. राजविवाह आणि कारस्थान या विषयात शिरण्यापूर्वी हे खरे प्रकरण वाचकासमोर यावे म्हणून ते जरा विस्ताराने सांगतो.

२३ जून १६६१ रोजी इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन ऑफ ब्रॅगांझा यांच्या विवाहाचा तह झाला. पोर्तुगालची गरज उघड होती. १६४० मध्ये स्पेनच्या जोखडातून सुटलेले हे राज्य अजून स्पेनशी लढतच होते. पूर्वेकडे डच एकेक ठाणे गिळत चालले होते; कोलंबो १६५६ मध्ये गेलेच होते. चार्ल्स नुकताच परागंदा अवस्थेतून परतून गादीवर बसला होता आणि त्याला पैसा हवा होता. स्पेनच्या वकिलाने ही सोयरीक मोडायची म्हणून पार्माच्या राजकन्या पुढे केल्या आणि त्यांच्याबरोबर मोठ्या हुंड्याचे वचनही दिले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने मात्र पडद्याआडून पोर्तुगालच्या बाजूने जोर लावला. शेवटी ठरले ते असे: वीस लाख क्रुझादो रोख, उत्तर आफ्रिकेतले टँजिअर, व्यापाराच्या सवलती आणि मुंबईचे बेट. त्याखेरीज एक गुप्त कलम होते. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातल्या ठाण्यांचे डचांपासून रक्षण करण्यात इंग्लंडने मदत करायची होती. कॅथरीन तेव्हा २२ वर्षांची होती. पुढच्या वर्षी मे महिन्यात पोर्ट्समथला लग्न लागले.

इथपर्यंत ही गोष्ट युरोपातल्या कुठल्याही राजविवाहासारखी आहे. तिच्यात विज्ञानकथेचा प्राण शिरतो तो पुढे, आणि तो शिरतो अंतरामुळे. लंडनच्या दरबारात मुंबई नेमकी कुठे आहे हे कोणाला धड ठाऊक नव्हते; ती ब्राझीलच्या जवळपास असावी अशी समजूत तिथे होती, असे सांगतात. लिस्बनहून गोव्याला जहाज यायला साधारण सहा महिने लागत, तेही वाऱ्याचा हंगाम साधला तर. प्रश्न पाठवून उत्तर हाती पडेपर्यंत दीड वर्ष सहज जाई. एवढ्या अंतरावर राजाचा हुकूम हा हुकूम राहत नाही. ज्याच्या हाती तो पडतो, त्याच्या मर्जीचा तो प्रश्न होतो.

सप्टेंबर १६६२ मध्ये अर्ल ऑफ मार्लबरोची गलबते मुंबईपुढे नांगरली. बरोबर बेटाचा ताबा घ्यायला नेमलेला सर अब्राहम शिपमन आणि त्याचे चारशेच्या आसपास सैनिक होते. त्याच ताफ्यातून पोर्तुगीजांचा नवा व्हाइसरॉय अँतोनियो द मेलो इ कास्त्रो आला होता. या माणसाला आपल्याच राजाने काय घालवले आहे हे आल्या आल्या दिसले. त्याने शिपमनचे मुखत्यारपत्र रीतसर नसल्याची हरकत काढली आणि ताबा द्यायला नकार दिला. दुसरा वाद त्याहून खोल होता. तहात लिहिलेली ‘मुंबई’ म्हणजे काय? इंग्रज म्हणत, साष्टी, ठाणे आणि भोवतालची बेटे तिच्यात आली. पोर्तुगीज म्हणत, सात बेटांतले तेवढे एक बेट, त्याबाहेर वीतभर जमीन नाही. आपल्या राजाला लिहिलेल्या पत्रांत मेलो इ कास्त्रोने परोपरीने बजावले की इंग्रज ज्या दिवशी मुंबईत पाय रोवतील त्याच दिवशी हिंदुस्थान हातचा गेला असे समजावे. इतका दूरचा अंदाज इतक्या स्पष्टपणे बांधणारा अधिकारी इतिहासात क्वचितच भेटतो, आणि तो बांधूनही त्याला काही करता आले नाही.

शिपमनची माणसे मधल्यामध्ये अडकली. त्यांना कारवारजवळच्या अंजदीव बेटावर उतरवण्यात आले. ताप, हगवण आणि उपासमार यांनी ती मरत गेली. चारशेतली शंभरेक उरली असतील. खुद्द शिपमन एप्रिल १६६४ मध्ये तिथेच वारला. अखेर त्याचा चिटणीस हम्फ्री कुक याने १८ फेब्रुवारी १६६५ रोजी मुंबईचा ताबा घेतला. हा दस्तऐवज झाला तो बेटाची जमीनदारीण डोना इग्नेझ द मिरांडा हिच्या वाड्यात. लिस्बनच्या राजकन्येच्या आंदणाचा कागद मुंबईतल्या एका विधवेच्या घरी पुरा झाला. कुकने ज्या अटी पत्करल्या त्या लंडनला पसंत पडल्या नाहीत. एवढे सगळे होऊनही राजाला या बेटाचे काय करावे हे कळेना. मार्च १६६८ मध्ये त्याने ते ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले, वर्षाला दहा पौंड खंडावर.

विवाहाने मिळालेले राज्य व्यापारी कंपनीच्या हाती जाणे, ही घटना मी मुद्दाम ठळक करतो. फ्रँक हर्बर्टची ‘ड्यून’ १९६५ मध्ये पुस्तकरूपाने आली. तिच्यात पातशहा आहे, सरदारांची घराणी आहेत, आणि त्या सर्वांच्या पैशाची सूत्रे हलवणारी ‘चोम’ नावाची एक कंपनी आहे. ग्रहाग्रहांतली वाहतूक एका संघाच्या मुठीत आहे. जहाजे ज्याची, त्याच्यापुढे पातशहालाही नमावे लागते. हर्बर्टने ही रचना हवेतून काढलेली नाही. समुद्रपार राज्ये करणाऱ्या युरोपचा अभ्यास केलेल्या माणसाची ती रचना आहे, आणि वसईच्या वाचकाला ती ओळखीची वाटली तर त्यात नवल नाही.

‘ड्यून’मधला विवाह मात्र मुंबईच्या विवाहापेक्षा एक पायरी खोल जातो. तिथे बेने जेसेरिट नावाचा स्त्रियांचा पंथ आहे. हा पंथ पिढ्यान्‌पिढ्या घराण्यांच्या सोयरिकी अशा जुळवत आला आहे की ठरावीक पिढीत ठरावीक गुणांचे मूल जन्मावे. जेसिकेला पंथाची आज्ञा आहे की अट्रायडीस सरदारापासून तिने मुलगीच जन्माला घालावी. ती मुलगी वैरी हार्कोनेन घराण्यात द्यायची, म्हणजे दोन घराण्यांचे वैर मिटेल आणि हवे ते मूलही मिळेल. जेसिका नवऱ्यासारख्या असलेल्या त्या माणसावरच्या प्रेमापोटी मुलगा जन्माला घालते. सगळी कादंबरी त्या एका अवज्ञेतून निघाली आहे. शेवटी तो मुलगा, पॉल, पातशहाची थोरली मुलगी इरुलान हिच्याशी गादीसाठी लग्न करतो आणि वाळवंटातल्या चानीवर प्रेम करीत राहतो. पुढच्या ‘ड्यून मसाया’त इरुलान चानीला मूल होऊ नये म्हणून तिच्या अन्नात गुपचूप औषध घालते. जुन्या राजवाड्यांमधले हे नेहमीचे दुःख आहे, आणि हर्बर्ट ते ग्रहांच्या भवितव्याला बांधून टाकतो. कॅथरीनलाही मूल झाले नाही. चार्ल्सची अनौरस मुले अनेक, औरस एकही नाही. म्हणून १६८५ मध्ये गादी त्याच्या भावाकडे गेली आणि तीन वर्षांत इंग्लंडमध्ये राज्यक्रांती झाली. एका स्त्रीची कूस आणि एका देशाची घटना यांचा असा संबंध जोपर्यंत माणसे जोडत राहतील, तोपर्यंत विज्ञानकथेत राजवाडा राहणार.

हर्बर्टच्या फार आधी, १९१२ मध्ये, एडगर राइस बरोजने मंगळावरची राजकन्या देजा थोरिस रंगवली. वेढ्यात सापडलेले आपले हीलियम शहर वाचावे म्हणून ती शत्रूच्या राजपुत्राशी, झोडांगाच्या सॅब थॅनशी, लग्नाला तयार होते. पुस्तक भाबडे आहे. तलवारीच्या जोरावर नायक सगळे सोडवतो आणि तिच्या निर्णयाचे वजन लेखकाला फार वेळ पेलवत नाही. तरी तो निर्णय तिथे आहे, आणि त्यानंतर आलेल्या असंख्य अंतराळ-राजकन्या तिच्याच लेकी आहेत.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळची वाटते ती अर्सुला ले ग्वीन यांची १९६४ ची कथा. ‘द डाऊरी ऑफ अँग्यार’ या नावाने ती प्रथम छापली गेली आणि पुढे ‘रोकॅनन्स वर्ल्ड’ या कादंबरीच्या आरंभी आली. सेमली नावाची एक गरीब झालेल्या घराण्यातली राणी आपल्या कुळाचा हरवलेला रत्नहार शोधायला निघते. आपण रिकाम्या हाताने सासरी आलो हे शल्य तिला सलत असते. हार दूरच्या एका ग्रहावर, परक्यांच्या संग्रहालयात आहे. ती तिथे जाते, हार मिळवते आणि परत येते. तिच्या हिशेबाने मध्ये एक लांबलेली रात्र गेलेली असते. घरी मात्र वर्षे लोटलेली आहेत. नवरा मेला आहे, मुलगी मोठी झाली आहे. प्रकाशाच्या वेगाजवळ जाणाऱ्या प्रवाशाचा काळ मंद होतो, हे आइन्स्टाइनचे विज्ञान इथे एका हुंड्याच्या दुःखात उतरले आहे. राजविवाहाच्या विज्ञानकथेला विज्ञान कशासाठी लागते, याचे याहून चोख उत्तर मला ठाऊक नाही. अंजदीववर ताबापत्राची वाट पाहत मेलेले सैनिक आणि सेमली यांचे नाते लागते. दोघांनाही अंतराने मारले.

अलीकडच्या लेखकांनी या विषयाकडे जास्त प्रौढपणे पाहिले आहे. लोइस मॅकमास्टर ब्युजोल्ड यांच्या ‘अ सिव्हिल कॅम्पेन’ (१९९९) या कादंबरीत बॅरायारचा सम्राट ग्रेगर कोमार ग्रहावरच्या लायसा टॉस्केनशी विवाह करतो. कोमार हा जिंकलेला ग्रह आहे. बॅरायारला बाहेरच्या जगाशी जोडणारी एकमेव अंतराळवाट कोमारच्या दारातून जाते, म्हणून तो जिंकला गेला, आणि जिंकताना तिथे कत्तल झाली. आता जेत्यांच्या सम्राटाची वधू त्या ग्रहाची. ती स्वतःच्या मनाने हो म्हणते, ती स्वतः हुशार आणि श्रीमंत आहे. तरी तिच्या लग्नावर एका जुन्या कत्तलीची सावली आहे आणि त्या ग्रहावरच्या लोकांना हे लग्न न्याय वाटावे की दुसरा पराभव, हे ठरत नाही. एव्हरिना मॅक्सवेल यांच्या ‘विंटर्स ऑर्बिट’ (२०२१) मध्ये मांडलिक ग्रहाने साम्राज्याला दिलेला जोडीदार पुरुष आहे आणि त्याचा पहिला नवरा, साम्राज्याचा राजपुत्र, संशयास्पद अपघातात मेलेला आहे. तहाची मुदत संपत आली म्हणून महिन्याभराच्या आत त्याचे दुसऱ्या राजपुत्राशी लग्न लावून दिले जाते. वधूच्या जागी पुरुष बसवल्याबरोबर जुनी रीत किती निर्दय होती ते नव्याने दिसते.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्याकडे. मुंबईचे आंदण जगजाहीर झाले, पण उत्तर प्रांतात आंदणे रोजची होती. पोर्तुगीज मुकुट आपल्या आश्रयातल्या अनाथ मुलींना जहाजाने हिंदुस्थानात पाठवी. ‘राजाच्या अनाथ मुली’ म्हणूनच त्या ओळखल्या जात. त्यांच्याशी जो पोर्तुगीज लग्न करील त्याला सरकारी हुद्दा किंवा जमीन मिळे, आणि जमीन म्हणजे बरेचदा या उत्तर प्रांतातली गावे. गाव म्हणजे नुसती शेते नव्हेत. भातखाचरे, ताडमाड, मिठागरे आणि त्यांत राबणारी कुळे. सोळाव्या-सतराव्या शतकात वसईच्या आसपासच्या एखाद्या गावाचा मालक बदलला तर त्याचे कारण लिस्बनच्या एखाद्या अनाथालयातल्या मुलीचे लग्न असू शकत होते. त्या मुलीला गाव ठाऊक नसे, गावाला मुलगी ठाऊक नसे. सहा महिन्यांचा समुद्र दोघांमध्ये असे. इतकी अद्भुत आणि इतकी क्रूर मांडणी एखाद्या विज्ञानकथेत वाचली असती तर आपण लेखकाच्या कल्पनेला दाद दिली असती.

१६६५ ला खाडीवर जी रेघ ओढली गेली तिचे परिणाम दूरवर पोचले. मुंबई इंग्रजांची, साष्टी आणि वसई पोर्तुगीजांची. म्हणून १७३७ ते १७३९ या मोहिमेत चिमाजी अप्पांनी उत्तर प्रांत घेतला तेव्हा तारापूर, केळवे-माहीम, वसई मराठ्यांकडे आली, आणि मुंबई राहिली. तारापूरच्या किल्ल्यावर जानेवारी १७३९ मध्ये बाजी भिवराव रेठरेकर पडले. मे महिन्यात वसई हाती आली. त्याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांच्या आश्रयाने जो तह केला, त्यात पेशवाईचे स्वातंत्र्य गेले. मेलो इ कास्त्रोने वर्तवलेले भविष्य त्याच्याच प्रांताच्या राजधानीत, त्याच्यानंतर जवळजवळ एकशे चाळीस वर्षांनी, खरे झाले.

असा इतिहास अंगणात असताना मराठी विज्ञानकथेत राजविवाह का नाही, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो. मराठी विज्ञानकथा जुनी आहे. ‘केरळकोकिळ’ मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्नच्या चांद्रप्रवासाचा अनुवाद येत होता, श्री. बा. रानडे यांची ‘तारेचे हास्य’ १९१५ ची. मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत १९७४ साली ‘ना. वि. जगताप’ या नावाआड लपलेल्या जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ पुढे आली आणि त्यानंतर बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी ही वाट रुंद केली. या कथेचा नायक बहुतेक वेळा शास्त्रज्ञ असतो आणि तिचे घटनास्थळ प्रयोगशाळा, वेधशाळा, इस्पितळ. राजवाडा आपण ऐतिहासिक कादंबरीला देऊन टाकला. तिथे सोयरिकीचे राजकारण उदंड आहे. शिवाजी महाराजांनी शिर्क्यांशी केलेले साटेलोटे घ्या: येसूबाई भोसल्यांकडे आल्या, राजकुंवर शिर्क्यांकडे गेल्या, आणि दाभोळच्या वतनाचा हट्ट त्या नात्यात कायमचा काटा होऊन राहिला. यावर आपण पुन्हा पुन्हा लिहिले. पण दोन कपाटांतली पुस्तके एकमेकांशी बोलली नाहीत.

एकदा बोलली, आणि काय सुंदर बोलली. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत विश्वासरावांना लागणारी गोळी चुकते आणि हिंदुस्थानचा इतिहास वेगळ्या वाटेने जातो. तिचे इंग्रजी रूप शाळकरी मुलांच्या पाठ्यपुस्तकातही आहे. त्या दुसऱ्या जगात मराठे बलवान आहेत, देश स्वतंत्र आहे, आणि मुंबई मात्र अजून इंग्रजांची आहे; गाडीत हद्दीवर परवाने तपासले जातात. मला ही कथा वाचताना नेहमी वाटते की पानिपतची गोळी नारळीकरांनी वळवली, पण त्याच्या शंभर वर्षे आधीचे लग्न मोडले नाही. कॅथरीनची सोयरीक फिसकटली असती तर? पार्माची राजकन्या लंडनला गेली असती तर? मुंबई पोर्तुगीजांकडे राहून १७३९ मध्ये वसईबरोबर मराठ्यांच्या हाती आली असती का, की डचांनी ती आधीच घेतली असती? पानिपतापेक्षा हा सांधा नाजूक आहे, कारण तो रणांगणावरचा नाही. एका वकिलाने योग्य वेळी योग्य पत्र पोचवले की नाही, एवढ्यावर तो टिकलेला आहे.

बोईसरच्या बाजूने हा विषय पाहायला आणखी एक कारण आहे. तारापूरचे अणुवीज केंद्र २८ ऑक्टोबर १९६९ रोजी व्यापारी तत्त्वावर वीज देऊ लागले. देशातले ते पहिले. अमेरिकी बनावटीच्या, प्रत्येकी २१० मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्या. त्यामागे १९६३ चा भारत-अमेरिका करार होता आणि त्यात तीस वर्षे इंधन पुरवण्याचे वचन होते. मे १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला. १९७८ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला आणि वचन दिलेले समृद्ध युरेनियम अडले. कलमांचा अर्थ काय, वापरलेले इंधन कोणाचे, तपासणीचा हक्क कुठवर, यांवर वर्षानुवर्षे खल झाला आणि १९८२ मध्ये फ्रान्सने पुरवठा करावा अशी तोड निघाली. दोन सार्वभौम सत्तांनी मोठ्या मुदतीचे नाते जोडायचे, त्यातल्या एकीने मध्येच मन बदलायचे, तिसरीने मध्यस्थ व्हायचे, आणि या सगळ्याचा भार ज्या जागेवर पडतो ती जागा समुद्रकाठची दोन-चार गावे: अंतराळातल्या राजघराण्यांच्या कथेत जे घडते ते हेच. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली. ५४० मेगावॅटच्या त्या भट्ट्या २००५-०६ मध्ये चालू झाल्या. आता किनाऱ्याने थोडे वर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ ला झाली आहे, सुमारे ७६ हजार कोटींचे काम. आणि किनाऱ्यावरचे मच्छीमार आपला समुद्र कोणी कोणाला दिला हे विचारीत आहेत. ‘ड्यून’मधले वाळवंटातले लोक पातशहाला हेच विचारतात.

या पालघर जिल्ह्यात राजवाडाही आहे. जव्हारचे मुकणे हे महादेव कोळी घराणे चौदाव्या शतकापासूनचे. मूळपुरुष जयबा मुकणे यांनी वारली नायकाकडे बैलाच्या कातड्याएवढी जमीन मागितली आणि कातड्याची बारीक वादी कापून तिने डोंगर वेढला, अशी कथा सांगतात. कार्थेज वसवणाऱ्या डायडो राणीचीही हीच कथा आहे. १३४३ मध्ये नेमशहांना दिल्लीच्या सुलतानाची मान्यता मिळाली; १६६४ च्या सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज शिरपामाळावर थांबले आणि विक्रमशहा त्यांना भेटले; १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. सहाशे वर्षे दिल्ली, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज या सगळ्यांच्या मध्ये तगून राहिलेले हे छोटे राज्य म्हणजे आकाशगंगेच्या कडेला असलेल्या मांडलिक ग्रहाचा तयार नमुना.

आणि त्याच डोंगरात वारल्यांचे लग्न लागते. भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते. चौकाशिवाय लग्न नाही. विधी चालवते ती धवलेरी, एक स्त्री. लग्न लावण्याचा अधिकार बाईच्या गळ्यात आणि हातात आहे. हर्बर्टला सोयरिकी जुळवणारा स्त्रियांचा पंथ कल्पावा लागला, आणि तो त्याने सत्तालोभी कल्पला. डहाणू-तलासरीच्या पाड्यांत लग्न लावणाऱ्या बाया आहेत, त्यांना राज्य नको आहे. दोन ग्रहांतला विवाह-तह धवलेरीने गायल्याशिवाय वैध नाही, आणि ती गायला नकार देते, अशी कथा कोणी लिहिली तर मी ती मोठ्या आस्थेने वाचीन.

या प्रकारातली पुस्तके वाचताना वाचकाने तीन जागांवरून पाहावे. पहिली जागा तह करणाऱ्यांची. ती लेखकांना सर्वांत आवडते आणि सर्वांत सोपी असते. दुसरी वधूची. ‘ड्यून’च्या प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर इरुलानच्या ग्रंथांतले उतारे आहेत. जिला गादीची पायरी म्हणून वापरले, तीच त्या सगळ्याचा इतिहास लिहिते; हर्बर्टने तिला दिलेला हा मोठा न्याय आहे. कॅथरीनला असा न्याय कोणी दिलेला नाही. नवरा मेल्यावर ती लिस्बनला परतली आणि १७०४-०५ मध्ये आजारी भावाच्या जागी तिने पोर्तुगालचा कारभार समर्थपणे पाहिला, हे मुंबईत कितीजणांना माहीत आहे? तिसरी जागा दिल्या गेलेल्या भूमीवरच्या माणसांची. इथे बहुतेक लेखक थबकतात.

खरे तर कागदात ती माणसे आहेत. १६६५ मध्ये मुंबई देताना व्हाइसरॉयने ज्या अटी घातल्या, त्यांत एक कलम कुणबी, भंडारी आणि पोर्तुगीज हद्दीतल्या गावांतल्या इतर लोकांबद्दलचे होते: त्यांना मुंबईत थारा देऊ नये, ते पळून आले तर मालकांकडे परत करावेत. दोन राजघराण्यांच्या विवाहातून निघालेल्या दस्तऐवजात साष्टी-वसईच्या भंडाऱ्याचे नाव येते ते अशा रीतीने. कलम घालावे लागले, म्हणजे माणसे पळत असणार, किंवा पळतील ही धास्ती होती. खाडीच्या पलीकडे दुसरा राजा आला आहे, तिथे वेगळा कायदा असेल, कदाचित वेठ नसेल, एवढ्या बातमीवर रात्री होडी लोटणारा एक भंडारी. मागे त्याची कुळातली बायको, पुढे नव्या मालकाचे पहारे, आणि आपले नाव तहात लिहिले गेले आहे याची त्याला कल्पनाही नाही. त्याला सतराव्या शतकात ठेवा किंवा गुरूच्या चंद्रावर. ही गोष्ट मराठीत अजून लिहिलेली मी वाचलेली नाही, आणि ती बोईसर-पालघरकडच्या कोणीतरी लिहावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.